‘टक्’ वाजतं, पण गाडी सुरू होत नाही

- सलग टक्-टक्: बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली स्टार्टर बहुधा फिरत नाही.
- एकच टक्: रिले किंवा स्टार्टर मोटर तपासा.
- टर्मिनल: पांढरा-हिरवा थर घासून काढा, नट आवळा. उघडताना निगेटिव्ह वायर आधी.
- चंद्रपूरचा उन्हाळा: पारा ४५ अंशांपार, बॅटरीचं पाणी आटतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. सीलबंद बॅटरी उघडू नका.
- भामरागड-एटापल्लीचा पावसाळा: ओलाव्याने कनेक्टर गंजतात.
- धक्का स्टार्ट: इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून ढकला; वेग येताच क्लच सोडा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा फ्युएल पंप बॅटरीवर चालतो; ती पूर्ण उतरली तर धक्का व्यर्थ.