पावडर घेण्याआधी साखर तपासा : पुरुषांच्या 'कमजोरी'बद्दल थोडं स्पष्ट



या पानावर आपण डिझेल, बर्फ, जाळी आणि सबसिडीचे फॉर्म यांच्याबद्दलच लिहितो. आजचा विषय वेगळा आहे. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पण १ जून ते ३१ जुलै बंदी असते, बोटी जेटीला लागलेल्या असतात, माणूस घरी असतो. घरी असला की हा त्रास जाणवतो आणि 'ताकदीची' पावडर विकणारेही त्याला बरोबर शोधून काढतात. म्हणून लिहितोच.

विषय आहे संबंधाच्या वेळी लिंगाला पुरेशी ताठरता न येणं किंवा आलेली न टिकणं. डॉक्टर याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात. आपल्याकडे 'कमजोरी' म्हणतात आणि तिथेच बोलणं थांबवतात.

आधी माझंच सांगतो. ४३ व्या वर्षी मला हा त्रास सुरू झाला. कोणाला बोललो नाही. जत्रेत एका तंबूतून १८०० रुपयांची पावडर आणली. घेतली की तोंड लाल व्हायचं, डोकं ठणकायचं, पण काम व्हायचं. मला वाटलं, जडीबुटी लागू पडली. दोन महिन्यांनी पायाला माशाचा काटा लागला, ती जखम भरेना. आरोग्य केंद्रात गेलो तर उपाशीपोटी साखर २१२ निघाली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा बाकीचं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, तो त्रास म्हणजेच पहिली सूचना होती. तेव्हाच यायला हवं होतं."

ही एकच गोष्ट आज सांगायची आहे. हा त्रास बहुतेक वेळा दुसऱ्या आजाराची खबर असतो.

ताठरता येते कशी?

मनात इच्छा झाली की मेंदूकडून नसांतून निरोप जातो. लिंगात स्पंजासारखे दोन लांबट भाग असतात. निरोप पोचला की तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडून रुंद होतात आणि त्या स्पंजात रक्त भरतं. भरलेल्या स्पंजाच्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या वाहिन्या दाबल्या जातात, म्हणून रक्त तिथेच टिकतं. म्हणजे हाडाचा काही संबंध नाही, सगळा खेळ रक्ताच्या दाबाचा आहे. मन, नसा, रक्तवाहिन्या आणि हार्मोन यातलं एक जरी बिघडलं तरी ताठरता कमी होते.

एखाद्या रात्री जमलं नाही म्हणजे आजार नव्हे. दहा दिवसांची ट्रिप करून, झोप नसताना, वर दोन पेग घेऊन कोणालाही जमणार नाही. पण तीन महिने किंवा जास्त तसंच चालू राहिलं तर तपासायलाच हवं.

आणि एक. ताठरता न येणं आणि मूल न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे म्हणून दुसरी असेलच असं नाही.

का बिघडतं?

इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणारे पाइप आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. गाळ साचायला लागला की आधी बारीक पाइप चोंदतो, मोठा नंतर. शरीरात तसंच आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. चरबी साचायला लागली की बारीक वाहिनीचं काम आधी अडतं. म्हणून पुष्कळ पुरुषांत हा त्रास आधी येतो आणि छातीत दुखणं त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी. त्या मधल्या काळात जो जागा होतो, तो पुढचा हार्ट अटॅक टाळू शकतो.

आपल्या धंद्यात दिसणारी मुख्य कारणं अशी:

• डायबिटीस. साखर रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब करते.
• ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉल. खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड रोज खाल्ले की प्रेशरला हातभार लागतो.
• विडी, सिगारेट, तंबाखू. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करतं. रात्री जागं राहायला तंबाखू मळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.
• दारू. थोडी घेतली की धीर येतो, जास्त घेतली की काम बिघडतं आणि वर्षानुवर्षं घेतली की नसा आणि हार्मोन दोन्ही बिघडतात.
• पोट सुटणं, झोप न होणं, जोरात घोरणं.
• काही औषधं. प्रेशरच्या आणि डिप्रेशनच्या काही गोळ्यांनी असं होतं. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात.
• मनावरचा ताण. बोटीचा हप्ता, मासळीला दर नाही, घरात भांडण. एकदा फसलं की 'परत फसेल' ही भीतीच पुढच्या वेळी फसवते.

मनाचं की शरीराचं, हे ओळखायची एक साधी खूण आहे. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल तर यंत्र बहुतेक ठीक आहे, ताण असण्याची शक्यता जास्त. तीही हळूहळू बंद झाली असेल तर शरीरात कारण शोधायला हवं. तरुणांत अचानक सुरू झालेला त्रास बऱ्याचदा मनाचा असतो, चाळिशीनंतर हळूहळू वाढलेला बऱ्याचदा रक्तवाहिन्यांचा.

आणि तुम्ही एकटे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली होती, ती १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होता.

'शंभर टक्के आयुर्वेदिक' पावडरीत काय असतं?

अशा पावडरी आणि कॅप्सूल प्रयोगशाळेत तपासल्या तेव्हा अनेकदा त्यात सिल्डेनाफिल सापडलेलं आहे. हे तेच इंग्रजी औषध, जे १९९८ पासून निळ्या गोळीच्या रूपात जगभर विकलं जातं. पाकिटावर त्याचं नाव नसतं, प्रमाण कोणाला माहीत नसतं. तोंड लाल होणं आणि डोकं ठणकणं ही त्याचीच ओळखीची लक्षणं. माझ्या पावडरीत काय होतं ते मी तपासून घेतलं नाही, पण आता अंदाज येतो.

धोका कुठे आहे ते नीट वाचा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीनची गोळी जे घेतात, त्यांनी सिल्डेनाफिल घेतलं तर प्रेशर एकदम खाली जाऊन माणूस दगावू शकतो. समजा बोटीवर कोणाच्या छातीत दुखलं आणि सोबत्यांनी भल्यासाठी सॉर्बिट्रेट दिली, पण त्याने आदल्या रात्री ही पावडर घेतली होती हे कोणालाच माहीत नाही, तर काय होईल? किनारा चार तासांवर असतो. म्हणून असं काही घेतलं असेल तर डॉक्टरपासून लपवू नका.

अश्वगंधा, शिलाजीत, सफेद मुसळी याबद्दल लोक विचारतात. अश्वगंधाने ताण आणि झोप यात काहींना फरक पडतो, पण ताठरतेसाठी ठाम पुरावा नाही. काहींच्या यकृताला तिने इजा झाल्याची नोंद आहे. थायरॉइड किंवा साखरेची औषधं चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता आपल्या जाळ्यातली गोष्ट. कधी कधी समुद्री घोडा मिळतो आणि कोणीतरी सांगतो, सुकवून ठेव, मर्दानगीच्या औषधाला चांगला दर येतो. त्याने ताठरता येते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. आणि २००१ पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. पकडणं, सुकवणं, विकणं गुन्हा आहे. जिवंत असेल तर परत पाण्यात सोडा.

कालवांचंही तसंच. त्यात जस्त भरपूर असतं, शरीरात जस्त कमी असेल तर उपयोग होतो. नसेल कमी, तर कालवं चवीसाठी खा.

मग नैसर्गिक उपाय कोणते?

आहेत, पण ते बाटलीत मिळत नाहीत आणि एका रात्रीत लागू पडत नाहीत.

१. चालणं. दम लागेल असं भरभर चालणं, रोज ४० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, सहा महिने. एवढ्या व्यायामाने ताठरता सुधारते असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. 'आम्ही जाळी ओढतो, आम्हाला व्यायाम कशाला' असं म्हणू नका. ओढायचं काम बरंचसं विंच करतो, आणि तांडेल तर बसूनच असतो.

२. वजन. इटलीत ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षं अभ्यास झाला. ज्यांना नेमका आहार आणि व्यायाम आखून दिला, त्यांच्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांचा त्रास औषधाशिवाय गेला.

३. तंबाखू बंद. कमी नव्हे, बंद.

४. जेवण. बांगडा, तारली यांसारखी तेलकट मासळी हृदयाला चांगली. पण रव्यात तळण्याऐवजी कालवणात घाला. भात थोडा कमी, भाजी, डाळ, फळं जास्त. सुकी खारी मासळी कधीतरी.

५. खालच्या स्नायूंचा व्यायाम. वारा सरताना अडवतो तसे स्नायू आवळा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट आणि मांड्या ढिल्या ठेवा. इंग्लंडमधल्या एका छोट्या अभ्यासात हा व्यायाम आणि राहणीतले बदल यांनी सहा महिन्यांत ४० टक्के पुरुष पूर्ण बरे झाले. व्हीलहाउसमध्ये बसूनही करता येतो, कोणाला कळत नाही.

६. झोप. बंदीच्या ६१ दिवसांत तरी रात्रीची सलग सात तास.

गोळी घ्यावी का?

डॉक्टरने तपासून दिली तर जरूर. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही चांगली औषधं आहेत आणि बहुतेकांना लागू पडतात. फक्त मित्राच्या खिशातून घेऊ नका. ताठरता चार तासांहून जास्त टिकून दुखायला लागली तर लाज न बाळगता लगेच हॉस्पिटल गाठा, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं.

घरच्या बायकांसाठी दोन शब्द

नवरा जवळ येत नाही याचा अर्थ त्याचं मन दुसरीकडे आहे असाच होत नाही. लाज वाटते म्हणूनही माणूस टाळतो. टोमणा मारू नका, तपासणीला सोबत चला. माझ्या बाबतीत बायको सोबत आली म्हणूनच मी दुसऱ्यांदा गेलो.

या बंदीत एवढं करा

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रेशर, उपाशीपोटी साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. प्रेशर १४०/९० किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर उपचार टाळू नका. ताठरतेचा त्रास असेल तर तोही तिथेच सांगा. गरज वाटली तर ते गोमेकॉत पाठवतील. डॉक्टर रोज असे पेशंट बघतात, त्यांना नवल वाटत नाही.

माझी साखर आता आटोक्यात आहे, १० किलो वजन उतरलं, बाकीचंही बरंच सुधारलं. वर्ष लागलं.

बोट वर काढल्यावर आपण तिचा तळ खरवडतो, इंजिन उघडून बघतो. बोट चालवणाऱ्याचीही एकदा तपासणी होऊ द्या. उघड विचारायला अवघड वाटत असेल तर ऑफिसात येऊन माझ्याशी बोला, दार लावून घेऊ.

आपला,
सचिव