कॅमशाफ्ट डोक्यावर का चढला?

रेणापूरच्या शिवारात एखाद्या विहिरीवर डिझेल पंप चालू असेल, तर त्याच्या ठोक्यांकडे जरा कान द्या. मग रस्त्यावरून जाणारी मोटारसायकल ऐका. दोन्ही फोर-स्ट्रोक अंतर्ज्वलन एंजिनेच. पण पहिल्याचे ठोके जवळजवळ मोजता येतात, दुसऱ्याची नुसती घरघर ऐकू येते.

हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी अशा दोन झडपा सिलिंडरच्या डोक्यावर बसवलेल्या असतात. त्या उघडतो कॅमशाफ्ट, म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेले कॅम अंगावर घेऊन फिरणारा दांडा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की याचा एक होतो. पंप मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला साडेबारा वेळा उघडते.

पुण्याच्या किर्लोस्करांची शेतावरची एक-सिलिंडर एंजिने पाहा. कॅमशाफ्ट खाली, क्रँकशाफ्टजवळ असतो. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉड नावाच्या लांब काठीला, काठी रॉकरला आणि रॉकर झडपेला ढकलतो. ही सगळी वरात परत आणायची एकट्या स्प्रिंगने!

आता हेच एंजिन ७५०० फेऱ्यांनी पळवले तर? वेग पाचपट झाला. पण त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून बल लागेल पंचवीसपट. स्प्रिंग मागे पडते, झडप वेळेवर मिटत नाही आणि पिस्टन तिच्यावर आदळू शकतो. स्प्रिंग अधिक कडक केली तर कॅम झिजतात. न्यूटनने दुसरी वाट दाखवलीच आहे: वस्तुमान कमी करा. कॅमशाफ्ट झडपांच्या वर नेला की पुशरॉडची गरजच उरत नाही. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १९१२ साली असे दोन कॅमशाफ्ट डोक्यावर बसवले आणि त्याच वर्षीची फ्रेंच ग्रां प्री शर्यत जिंकली. २००१ साली आलेल्या बजाज पल्सरचा कॅमशाफ्टही वरच होता.

पण इतक्या वर गती पोहोचवायला लांब साखळी किंवा दातेरी पट्टा लागतो. पट्टा तुटला तर बऱ्याच एंजिनांत झडपा वाकतात. म्हणून ठरलेल्या किलोमीटरनंतर तो बदलावाच. पंपाला ही उठाठेव कशाला? १५०० फेऱ्यांना पुशरॉड मुळीच जड होत नाही. त्याला जुनाट म्हणणे मला पटत नाही.

गॅरेजात डोके उघडलेले एंजिन दिसले, तर पुशरॉडची भोके शोधा. ती नसतील, तर एका कडेला साखळीचा किंवा पट्ट्याचा मार्ग सापडेल.