मनालाही भूक लागते



दात घासणे, नखे कापणे हे आपण पहिलीपासून शिकतो. पण मनाची निगा कशी राखायची ते आमच्या बाईंनी मागच्या महिन्यात सांगितले. मी लक्ष देऊन ऐकले, कारण आमच्या घरी रात्रपाळी आहे.

आमचे गाव चाकणजवळ आहे. कांदा-बटाट्याच्या रानात आता कारखाने आलेत आणि ते रात्रीपण चालतात. माझ्या पप्पांची पाळी दर आठवड्याला बदलते. रात्रपाळीच्या आठवड्यात ते जरा जरा गोष्टीवरून चिडतात. माझी धाकटी बहीण तर म्हणायची, "पप्पांना मी आवडतच नाय."

त्याचे कारण असे. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचे द्रव्य तयार होते, त्याने झोप येते. डोळ्यांवर उजेड पडला की ते कमी होते. रात्रपाळीचा माणूस सकाळी उन्हातून घरी येतो, मग त्याला नीट झोप कशी लागणार? आणि झोप अपुरी राहिली की राग लवकर येतो. मोठ्यांना रोज सात तास तरी झोप हवी. आपल्या वयाला नऊ ते बारा तास.

मग मी आणि आजीने खिडकीला जाड गोधडी बांधली. पप्पा झोपलेत तोवर टीव्ही बंद, आणि आम्ही पोरं देवळाकडे खेळतो. पहिल्याच दिवशी पप्पा दुपारी दोनपर्यंत झोपले. उठल्यावर त्यांनी स्वतःहून बहिणीला सायकलवर फिरवून आणले.

आता खाण्याचे. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १४०० ग्रॅमचा असतो, पण आपण नुसते बसलो तरी शरीराची जी शक्ती लागते तिचा पाचवा हिस्सा तो एकटाच खातो! म्हणून शाळेला उपाशी येऊ नये. रक्तात लोह कमी पडले तर थकवा येतो, किरकिर वाढते. बाजरी, मटकी, हरभरे, मेथी यांत लोह असते. वर लिंबू पिळले तर ते जास्त अंगी लागते. जेवल्यावर लगेच चहा प्याला तर कमी लागते. (हे आईला अजून पटलेले नाही.) पप्पा आता रात्री डब्यात बाजरीची भाकरी आणि उसळ नेतात, आणि पहाटेचा चहा घेत नाहीत, कारण चहाने झोप उडते. २०२३ साल साऱ्या जगाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. आजी म्हणाली, "जगाला आत्ता कळलं व्हय!"

मनाला थोडा निवांतपणापण लागतो. तुकाराम महाराज आपल्या इथल्या भामचंद्र डोंगरावर एकांतात बसत. मी चिंचेखाली बसते. पण खूप दिवस वाईट वाटत असेल, तर नुसते बसून राहू नये, घरात किंवा बाईंना सांगावे. मोठ्यांनीसुद्धा सांगावे. २०२२ पासून सरकारचा टेलिमानस नावाचा फोन सुरू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. नंबर मी खाली मोठ्या अक्षरात काढलाय. तो रात्रभर चालू असतो, म्हणजे रात्रपाळीवाल्यांनापण.

१४४१६

– इयत्ता ४ थी