संग्रह-संगणकाचा वीजपुरवठा : बदलताना काय पाहावे?

पेढीचे हिशेब, करविषयक कागदपत्रे व घरची छायाचित्रे एकत्र जतन करण्यासाठी दोन-चार हार्ड डिस्क असलेला लहान संगणक आज अनेक व्यापारी बंधूंच्या घरी अहोरात्र चालू असतो. त्याचा पॉवर सप्लाय, म्हणजे २३० व्होल्टच्या घरगुती विजेचे १२ व ५ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा भाग, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने क्षीण होतो. यंत्र आपोआप बंद पडणे, पुनःपुन्हा सुरू होणे किंवा अनेक डिस्क एकदमच दिसेनाशा होणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. एकच मजकूर दोन डिस्कवर आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे. दोन्ही डिस्क एकाच पुरवठ्यावर चालतात व तो बिघडल्यास धोका दोहींस सारखाच. म्हणून पुरवठा बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत अन्यत्र असल्याची खात्री करावी.

नवा पुरवठा निवडताना शक्तीचा हिशेब प्रथम मांडावा. भरलेली गाडी हलवताना बैलांस जो जोर लागतो, तो चालत्या गाडीस लागत नाही. डिस्कचेही तसेच आहे. साडेतीन इंची डिस्क फिरत असता सुमारे ५ ते ९ वॅट घेते. परंतु आरंभीचे काही सेकंद तिला १२ व्होल्टच्या वाहिनीवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट लागू शकतात. चार डिस्कचे हे ९६ वॅट, त्यांच्या ५ व्होल्टच्या वाहिनीचे सुमारे १४ आणि मुख्य फलक व प्रोसेसरचे ४० धरले, तर बेरीज १५० होते. अशा यंत्रास ३०० वॅटचा चांगला पुरवठा पुरेसा होय. मात्र वेष्टनावरील एकूण आकड्यावर न विसंबता १२ व्होल्टच्या वाहिनीची क्षमता वेगळी पाहावी.

याउलट ७५० वॅटचा पुरवठा घेणे हीही काटकसर नव्हे. डिस्क स्थिर गतीने फिरू लागल्या की हेच यंत्र सुमारे ५० वॅटवर चालते; इतक्या अल्प भारावर मोठ्या पुरवठ्याची कार्यक्षमता सामान्यतः घसरते. ‘८० प्लस’ या प्रमाणपत्राच्या सुवर्ण श्रेणीची कसोटीही २०, ५० व १०० टक्के भारावर घेतली जाते. त्याखालील भाराविषयी ती काही सांगत नाही.

लहान यंत्रांस बाहेरचा अ‍ॅडॅप्टर असतो. तेथे व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर मूळ आकड्याइतके किंवा अधिक चालतील, कमी मात्र चालणार नाहीत. पिनेचे माप व धन-ऋण टोकांची मांडणीही ताडून पाहावी. चार पिनांच्या जोडणीत विशेष सावधगिरी हवी. खटका नीट बसला तरी आतील क्रम निराळा असू शकतो. भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह नसलेला अ‍ॅडॅप्टर घेऊ नये.

आतील पुरवठ्यात आकार आधी मोजावा. एटीएक्स, एसएफएक्स व फ्लेक्स या जाती परस्परांच्या जागी सहसा बसत नाहीत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुट्या वायरी. जुन्या पुरवठ्याच्या वायरी नव्यास कदापि लावू नयेत. डिस्ककडील टोक सर्वत्र सारखे असते, पुरवठ्याकडील टोकाची मांडणी मात्र प्रत्येक उत्पादकाची, कधी एकाच उत्पादकाच्या दोन नमुन्यांचीही, भिन्न असते. अशा चुकीने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेल्यास सर्व डिस्क क्षणार्धात निकामी होऊ शकतात.

तात्पर्य, पुरवठ्याची किंमत संग्रहाच्या मानाने अल्प आहे. डिस्क नवी विकत मिळते. तीवरील वहीखाते बाजारात मिळत नाही. म्हणून शंभर-दोनशे रुपयांच्या फरकासाठी अनोळखी माल न घेता, हिशेब मांडून, मापे ताडून व नव्याच वायरी वापरून हा बदल करावा, हेच व्यवहारचातुर्य होय.