अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेनंतर घ्यावयाची काळजी

बैलाच्या खांद्याला सूज आली, तर जाणता शेतकरी ती उतरेपर्यंत त्याला जुवाला जुंपीत नाही. परंतु हाच शेतकरी स्वतःच्या शरीराच्या बाबतीत इतका विवेक दाखवीत नाही. अंतर्गळाची शस्त्रक्रिया होऊन दहा दिवस झाले नाहीत तोच तो खताचे पोते उचलावयास जातो आणि मग दुखणे वाढले, म्हणजे शस्त्रक्रियेस दोष देतो.

अंतर्गळ म्हणजे हर्निया. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर येतो व जांघेत, बेंबीजवळ किंवा जुन्या व्रणाच्या जागी फुगवटा दिसू लागतो. शस्त्रक्रियेत तो भाग आत सारून दुबळ्या जागेवर बहुधा बारीक जाळी बसवितात. ‘पोटात परकी वस्तू राहिली’ म्हणून पुष्कळजण धास्तावतात. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मच्छरदाणीच्या कापडाची निर्जंतुक केलेली जाळी वापरून केलेल्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. वर्षभराने दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा जाळी स्वस्त म्हणून दुखणे मागे राहते, ही समजूत निराधार होय.

पहिले काही आठवडे

व्रणाभोवती दुखणे, जांघेत व अंडकोशावर सूज येणे, कातडी काळीनिळी पडणे आणि व्रणाखालची जागा बधिर होणे या गोष्टी नेहमी आढळतात. काहींच्या व्रणाखाली पाणी साचून गाठ होते. अंतर्गळच उलटला, असे रोग्याला वाटते. बहुधा हे पाणी काही आठवड्यांत आपोआप जिरते. गाठ डॉक्टरांना दाखवावी. ती सुईने टोचू नये, तेल लावून चोळू नये आणि शेकही घेऊ नये.

दुखणे सोसत बसण्यात पुरुषार्थ नाही. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्यावी, म्हणजे चालता येते, खोकता येते आणि झोप लागते. मात्र मूत्रपिंडाचा विकार किंवा जठरव्रण असल्यास तसे आधी सांगावे व दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत. पहिल्या दिवसापासून घरात थोडे चालावे. उठताना कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. खोकताना व्रणावर तळहात किंवा उशी दाबून धरावी. शौचास कुंथावे लागू नये म्हणून पाणी भरपूर प्यावे, पालेभाजी खावी आणि गरज पडल्यास इसबगोल घ्यावे. विडी व तंबाखू सोडावी. विडीने खोकला वाढतो व व्रण भरून येण्यास विलंब लागतो.

शेतावर केव्हा जावे?

बांधावर फेरी मारणे, पाणी सोडणे अशी हलकी कामे दुखणे सोसवेल तशी लवकर सुरू करता येतात. परंतु युरियाची गोणी ४५ किलोची असते, आणि १६ लिटरचा भरलेला फवारणी पंप २० किलोंच्या आसपास भरतो. अशी ओझी चार ते सहा आठवडे उचलू नयेत, असे बरेच शल्यचिकित्सक सांगतात. पोटावरील मोठा अंतर्गळ असल्यास ही मुदत अधिक असू शकते. म्हणून शस्त्रक्रिया शक्य तर रब्बीची मळणी आटोपल्यावर, पेरणीला पुरेसा अवधी ठेवून करवून घ्यावी आणि जड कामांसाठी शेजाऱ्याशी आधीच सावड ठरवावी. मात्र डॉक्टरांनी तातडीने करावयास सांगितल्यास हंगामाची वाट पाहू नये.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे?

ताप येणे, व्रणातून पू वाहणे, लाली पसरत जाणे, लघवी अडणे, एका पायाला सूज येणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे ही धोक्याची चिन्हे होत. फुगवटा पुन्हा येऊन कठीण व अतिशय दुखरा झाला, उलट्या होऊ लागल्या आणि वायू सरेनासा झाला, तर आतडे अडकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी एक तासही दवडू नये. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी.

तीन महिन्यांनंतरही दुखत असेल तर

जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांपैकी सुमारे दहा ते बारा जणांना तीन महिन्यांनंतरही नित्याच्या व्यवहारात अडथळा आणणारे दुखणे राहते. व्रणाच्या जागेतील एखादी मज्जा जून पेशींत, टाक्यात किंवा जाळीत गुंतलेली असते. वाकताना अथवा चढण चढताना तेथे आग होते किंवा विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून घरचे लोक व गावकरी अशा माणसाला कामचुकार ठरवितात, आणि तोही लाजेने गप्प राहतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे की, हे दुखणे खरे असते व त्यावर इलाज आहे. मज्जेच्या वेदनेवर निराळी औषधे असतात. बधिर करणारे इंजेक्शन देता येते, व्यायामाचा उपयोग होतो आणि क्वचित तज्ज्ञाकडून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

आपल्या गावात कोणाची अशी शस्त्रक्रिया झाली असेल, तर तीन महिन्यांनी त्याच्या घरी जरूर जावे. ‘बरा आहेस ना?’ एवढेच विचारून परतू नये. वाकता येते का, रात्री झोप लागते का, हे विचारावे. उत्तर ‘नाही’ असे आल्यास शस्त्रक्रियेची कागदपत्रे घेऊन त्याला पुन्हा शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पहिल्या फेरीस शक्य तर आपणही सोबत जावे.