सुटल्यानंतरची वर्षे

दारू सुटल्याची गोष्ट आपल्याकडे फार लवकर संपवली जाते. माणूस उपचार घेऊन घरी येतो, बायको ओवाळते, शेजारीपाजारी ‘सुटला एकदाचा’ म्हणतात आणि पडदा पडतो. पुढची दहा-वीस वर्षे तो कसा राहिला, हे ऐकायला कोणी थांबत नाही. त्यात नाट्य नसते ना!

गडकऱ्यांनी मात्र ते नाट्य ओळखले होते. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो, हे आपण विसरूनच जातो. निश्चय करून तो कामासाठी जुन्या परिचितांकडे जातो, पदरी अपमान पडतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्या पहिल्या प्याल्यावर आपण शंभर वर्षे बोलत आलो. या दुसऱ्या वेळच्या प्याल्याबद्दलही बोलायला हवे.

शरीराचा हिशेब त्या मानाने लवकर मिटतो. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली, तर पहिल्या काही दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, कुणाला फिट येते, कुणाला भास होतात. हे जिवावरही बेतू शकते. म्हणून ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. पण झोप आणि मन ताळ्यावर यायला पुढे कित्येक महिने जातात. त्या काळातली चिडचिड पाहून घरच्यांना वाटते, पीत होता तेव्हाच बरा होता!

अशा वेळी ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातींचा मोह होतो. त्यापासून चार हात दूर राहावे. डायसल्फिराम नावाचे औषध घेतल्यावर दारू प्यायली, तर धडधड होते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. रुग्णाला सांगून, वैद्यकीय सल्ल्याने दिले तर ते राखणदाराचे काम करते. चोरून चहात मिसळले तर त्याच्या जिवाला धोका, आणि घरातला उरलासुरला विश्वासही जातो.

मग माणसाला टिकवते काय? आपल्या खेड्यापाड्यांत त्याचे जुने उत्तर आहे : माळ घालणे. तुळशीची माळ गळ्यात पडली आणि बाटली सुटली, अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. श्रद्धेचे बळ आहेच. पण माळेबरोबर पंधरवड्याची एकादशी येते, भजन येते, वर्षाची वारी येते आणि ‘आज का नाही आलास?’ असे विचारणारी चार माणसे येतात. मला तर या विचारणाऱ्यांचे मोल फार वाटते.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली. तिच्या सभा आपल्याकडेही भरतात. फी नाही, आडनाव विचारणे नाही. जन्मभराची शपथ घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस काढायचा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपासून सावध राहा, असे तिथले जुनेजाणते नव्याला सांगतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथेही उपचार संपल्यावरचा पाठपुरावा आणि कुटुंबीयांशी बोलणे हा कामाचा मोठा भाग आहे.

बँकेच्या नोकरीत मी अशी एक गोष्ट पुढच्या वर्षांसकट पाहिली. आमच्या शाखेतला एक कॅशियर उपचार घेऊन परतला. त्याला पुन्हा कॅश द्यायची का, यावर शाखेत कुजबूज सुरू झाली. त्याने स्वतःच आवक-जावकचे टेबल मागून घेतले. पगाराचे खातेही नवरा-बायको दोघांच्या सहीने चालणारे करून घेतले. आठव्या महिन्यात एका लग्नात कुणीतरी ‘एकाने काय होतंय?’ म्हणून ग्लास पुढे केला आणि तो घसरला. (ही मंडळी दुसऱ्या दिवशी औषधाला सापडत नाहीत.) सकाळी त्याने स्वतःच बायकोला सांगितले, संध्याकाळी तो सभेला गेला. घरात रडारड झाली. पण ‘सगळे मुसळ केरात’ असे कोणी म्हटले नाही. आठ महिने वाया गेले नव्हते, फक्त लग्नघरे किती निसरडी असतात ते कळले होते. पुढच्या लग्नांना तो अक्षता टाकून, जेवून, वरातीआधी घरी येऊ लागला.

दीड वर्षाने तो काउंटरवर परतला. चौथ्या वर्षी बायको शाखेत आली. खाते ‘दोघांपैकी कोणाच्याही सहीने’ चालावे, असा अर्ज तिनेच भरून आणला होता. सही करताना तिचा हात क्षणभर थांबला. मग तिने सही केली आणि म्हणाली, ‘‘पासबुक मात्र माझ्याकडेच राहील हं, साहेब.’’ काचेपलीकडे तो नोटा मोजत होता. त्याने मान वर केली नाही, पण हसला.