द्राक्षे चिरडण्याच्या यंत्राची गती कशी बसवावी?

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ तालुका हा काही द्राक्षाचा मुलूख नव्हे. दमट हवा आणि दीर्घ पावसाळा या वेलास मानवत नाही. तथापि पालेगाव, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात उन्हाळ्याच्या आरंभी कसारा घाटातून नाशिकची द्राक्षे येतात आणि पावसाच्या तोंडावर बदलापूरची जांभळे पिकतात. हंगाम भरात असता फळ स्वस्त होते, आणि त्याचा रस काढून ठेवल्यास ते वाया जात नाही. त्यासाठी हाताने फिरवावयाच्या दोन रुळांच्या यंत्रास विजेची मोटार जोडणे सोयीचे असते. मात्र अशा जोडणीत गतीकडे दुर्लक्ष झाले, तर फळ, यंत्र व चालविणारा या तिघांचीही हानी होते.

गती मंद का असावी?

यंत्राचे काम फळाची साल फोडण्याचे आहे, पीठ करण्याचे नव्हे. रूळ अतिवेगाने फिरले म्हणजे द्राक्षे त्यांच्यामध्ये न शिरता वर उडत राहतात. जी शिरतात त्यांच्या बिया फुटतात व हिरवे देठ चुरडले जातात. बियांतील तेल व तुरट द्रव्ये रसात उतरून रस कडवट होतो. रसात हवा घुसळली जाऊन फेस येतो व रंग तपकिरी पडू लागतो. चोथाही इतका बारीक होतो की गाळण्याचे फडके तुंबते. थॉमसन सीडलेस द्राक्षात बी नसते. परंतु देठाचा दोष तेथेही राहतोच, म्हणून मणी देठापासून आधी वेगळे करावेत.

कप्प्यांचा हिशेब

घरगुती विजेवर चालणारी सर्वसाधारण मोटार मिनिटास सुमारे १४४० फेरे घेते. हाताने यंत्र फिरविणारा माणूस मिनिटास साधारण ६० फेरे देतो. मोटार जोडताना रुळाची गती आरंभी ७० ते ९० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवावी आणि रस पाहून मगच वाढवावी. हिशेबाचा नियम सोपा आहे. मोटारीचे फेरे व तिच्या कप्पीचा व्यास यांच्या गुणाकारास यंत्राच्या कप्पीच्या व्यासाने भागले म्हणजे यंत्राचे फेरे मिळतात.

मोटारीवर ३ इंची व यंत्रावर १२ इंची कप्पी बसविल्यास रूळ मिनिटास ३६० फेरे घेतील. ही गती फार झाली. म्हणून मध्ये एक आडवा दांडा बसवून गती दोन टप्प्यांत उतरवावी. मोटारीवरील ३ इंची कप्पीवरून दांड्यावरील १२ इंची कप्पीस पट्टा दिल्याने दांडा ३६० फेरे घेतो. त्याच दांड्यावरील दुसऱ्या ३ इंची कप्पीवरून यंत्राच्या १२ इंची कप्पीस पट्टा दिल्यास रूळ ९० फेऱ्यांवर येतात. यंत्रावर १५ इंची कप्पी घातल्यास फेरे ७२ होतात. उलट दांड्यावरील शेवटची कप्पी ४ इंची केली व यंत्रावरील १२ इंचीच ठेवली तर १२० होतात. कप्पी बदलली की पट्टा सैल अथवा ताठ होतो. तेव्हा मोटारीच्या बैठकीस लांबट खाचा ठेवून घ्याव्यात, म्हणजे ती मागेपुढे सरकविता येते.

पट्टा थोडा घसरतोच, म्हणून कागदावरील हिशेब प्रत्यक्ष ताडून पाहावा. मोठ्या कप्पीवर खडूची खूण करून अर्ध्या मिनिटातील फेरे घड्याळ लावून मोजावेत व त्यांची दुप्पट करावी.

पंख्याचा रेग्युलेटर वापरू नये

कप्प्यांचा खर्च टाळण्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर जोडण्याचा मोह होतो. रेग्युलेटर विजेचा दाब कमी करतो. दाब निम्मा झाला की मोटारीचा जोर जवळजवळ चौथाईवर येतो. मग फळाचा भार पडताच ती अडते, तापते व जळते. तीन फेजच्या मोटारीची गती विजेची वारंवारता बदलणाऱ्या साधनाने कमी करता येते. तथापि फार मंद गतीत मोटारीचा स्वतःचा पंखाही मंदावतो व ती तापते, हे ध्यानी ठेवावे.

फट आणि फळाची पारख

द्राक्षासाठी रुळांमधील फट ५ ते ६ मिलिमीटर ठेवून आरंभ करावा. थोडी फळे चिरडून चोथा पाण्यात धुवावा व शंभर बिया वेचून त्यांत फुटलेल्या किती ते मोजावे. फुटक्या बिया आढळल्यास प्रथम फट किंचित वाढवावी. तरीही फरक न पडल्यास गती कमी करावी. दोन्ही बदल एकदम करू नयेत, अन्यथा दोष कशाचा होता हे कळत नाही. जांभळाचे बी मोठे असल्याने फट त्या बियाहून किंचित अधिक ठेवावी व फळ थोडे थोडे घालावे. रसास लागणारे भाग लाकडी अथवा स्टेनलेस पोलादाचे असावेत. साध्या लोखंडाने रस काळवंडतो.

मंद यंत्रही धोक्याचे

गती कमी केली म्हणजे धोका कमी झाला, ही समजूत घातक आहे. १४४० फेऱ्यांवरून ९० वर आले म्हणजे गती सोळा पटींनी घटते, पण रुळाचा पीळ जवळजवळ तितक्याच पटींनी वाढतो. अडकलेले बोट यंत्रास थांबवू शकत नाही. म्हणून वरचे पेटारे खोल असावे, पट्टे व कप्प्या जाळीने झाकाव्यात आणि फळ लोटण्यास लाकडी दांडाच वापरावा. बंद करण्याचे बटण चालविणाऱ्याच्या हाताशी असावे. काम ओल्या जागी चालते, म्हणून मोटारीस भूतार व विजेची गळती होताच प्रवाह तोडणारी कळ अवश्य बसवावी. साफसफाई करण्यापूर्वी प्लग उपसून ठेवावा.

रस, मद्य आणि कायदा

सालीवरील निसर्गतः असलेल्या किण्वामुळे उघडा रस उन्हाळ्यात एका दिवसातच आंबू लागतो. म्हणून तो त्याच दिवशी गाळून स्वच्छ बाटल्यांत भरावा. मग बाटल्या ८० ते ८५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सुमारे अर्धा तास ठेवाव्यात. रस विकावयाचा असल्यास अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये नोंदणी वा परवाना लागतो.

द्राक्षापासून वाइन करण्याचे यंत्रकाम बहुतांशी हेच असले, तरी महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. मग ते घरच्या घरी व स्वतःपुरते का असेना. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, तेही परवानाधारक कारखान्यांसाठी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंत्राची माहिती देताना ही गोष्ट प्रथम स्पष्ट करावी. त्यानंतर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या यंत्रशाळेतून योग्य मापाच्या कप्प्या करवून घेण्यास शेतकऱ्यांस साहाय्य करावे आणि पहिली चाचणी आपल्या देखरेखीखाली घ्यावी. बी अखंड, रस स्वच्छ व चालविणाऱ्याचे हात सुरक्षित राहिले, म्हणजे गती बरोबर बसली असे समजावे.